फक्त दोनच वायरी जोडायच्यात!

“फक्त दोनच वायरी तर जोडायच्यात, वहिनी! तुम्ही समोर चहा घेऊन येईस्तोवर गाडी तयार!”

दुकानातला तो मुलगा हसत हसत म्हणाला आणि आम्ही दोघं खरोखरच समोरच्या हॉटेलात चहा घ्यायला गेलो. परत येऊन पाहतो तो काम झालेलं. पुढच्या काचेवर, आरशाच्या मागे, काडेपेटीपेक्षा थोडा मोठा कॅमेरा बसला होता. गाडी चालू असताना समोरच्या रस्त्याचं चित्रण करणारा. उद्या कुणी येऊन धडकलंच, तर चूक कुणाची ते दाखवायला पुरावा हाती असावा, म्हणून दिवाळीच्या खरेदीत ह्यांनी तो हौसेनं घेतला होता. वायर कुठेही लोंबत नव्हती, सगळं कसं नीटनेटकं! मीही मनातल्या मनात त्या मुलाचं कौतुक केलं.

रात्री ओटा आवरताना आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून खाली उभी असलेली गाडी दिसते. त्या दिवसापासून काचेमागे एक बारीकसा निळा दिवा लुकलुकताना दिसू लागला. गाडी बंद, चावी घरात खुंटीला, आणि दिवा मात्र चालू. ‘हा रात्रभर का बरं जळतो?’ असं एकदा नव्हे, दहादा मनात आलं. पण विचारलं नाही. गाडीतलं आपल्याला काय कळतंय, ते पुरुषांचं खातं, असं म्हणून मी खिडकी लावून घ्यायची आणि दिवा मालवून झोपायला जायची.

त्या न विचारलेल्या प्रश्नाची किंमत काय होऊ शकते, ते आज तुम्हांला सांगायचं आहे.

पुढे दोनेक महिन्यांनी मावसबहिणीचं लग्न निघालं. एस.टी.नं गेलो, चार दिवस राहिलो. परतलो ते रात्री उशिरा, आणि त्याच रात्री अडीचच्या सुमारास मामंजींच्या छातीत कळ आली. घाम फुटलेला, चेहरा पांढराफटक. ह्यांनी त्यांना आधार देऊन खाली आणलं, मागच्या सीटवर बसवलं, सेल्फ मारला. टक्. पुन्हा मारला. टक्, टक्, टक्. समोरचे दिवेही मिणमिणले नि विझले. गाडी ठार मेलेली! धक्का मारायला मध्यरात्री चार माणसं कुठून आणायची? शेवटी तिसऱ्या मजल्यावरच्या बिऱ्हाडाचं दार वाजवलं, त्यांची गाडी काढली. या सगळ्यात पंचवीस मिनिटं गेली. छातीच्या दुखण्यात एकेक मिनिट मोलाचं असतं, हे दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सौम्य शब्दांत सांगितलं, पण आम्हांला कळायचं ते कळलं. मामंजी आज बरे आहेत, सकाळी बागेत दोन फेऱ्या मारतात. पण ती पंचवीस मिनिटं मी विसरलेले नाही.

(आणि हो, १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते हे घरातल्या पाचही माणसांना माहीत होतं. त्या वेळी एकालाही आठवलं नाही. फोनच्या शेजारी भिंतीवर ठळक अक्षरांत लिहून ठेवा.)

तिसऱ्या दिवशी नेहमीच्या गॅरेजचे काका आले. वय झालेला माणूस, अँबॅसडर नि फियाटच्या जमान्यापासून गाड्यांचं वायरिंग करणारा. त्यांनी डॅशबोर्डखालचं झाकण काढलं, टॉर्च मारली आणि म्हणाले, “वहिनी, इकडे या. बघून ठेवा.”

कॅमेऱ्याची लाल वायर ‘डायरेक्ट’ वर जोडलेली होती. म्हणजे चावी फिरवा, न फिरवा, तिच्यात करंट चोवीस तास. मूळ वायरीचं प्लास्टिक ब्लेडनं सोलून, तिला ही नवी वायर नुसती पिळली होती आणि वरून काळी चिकटपट्टी गुंडाळली होती. उन्हानं चिकटपट्टीचा डिंक वितळून ती अर्धी सुटली होती. मध्ये फ्यूज नव्हता. आणि सर्वांत वाईट म्हणजे ती वायर एका पत्र्याच्या धारेवरून नेलेली होती. गाडीच्या हादऱ्यांनी घासून घासून तिचं आवरण झिजलं होतं आणि आतलं तांबं चकाकत होतं.

“बॅटरी उतरली ती उतरली,” काका म्हणाले, “पण हे तांबं पत्र्याला टेकलं असतं तर गाडी पेटली असती. तीही चालत्या प्रवासात, पोरंबाळं आत असताना!”

मैत्रिणींनो, माझ्या पोटात खड्डा पडला. मी बी. ए., तेही मराठी घेऊन. विजेशी माझा संबंध बटण दाबण्यापुरता. पण त्या दिवशी ठरवलं की हे समजून घ्यायचंच. काकांना चहापोहे देऊन तासभर प्रश्न विचारले, शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या बाईंना मधल्या सुट्टीत गाठलं, गाडीबरोबर आलेली पुस्तिका (जी आमच्याकडे लग्नाच्या अल्बमसारखी कपाटाच्या वरच्या फळीवर होती) उघडली. आणि लक्षात आलं की यात अवघड असं काही नाही. घर चालवणाऱ्या बाईला कळेल असाच हा सगळा हिशेब आहे.

बॅटरी म्हणजे पाण्याचं पिंप

गाडीची बॅटरी म्हणजे पाण्याचं भरलेलं पिंप समजा. इंजिन चालू असलं की अल्टर्नेटर नावाचं यंत्र वीज तयार करतं. तो नळ. नळ चालू असेतोवर कितीही वापरा, पिंप भरत राहतं. इंजिन बंद म्हणजे नळ बंद. मग जे काही चालेल ते पिंपातल्या साठ्यावर.

आता साठा किती? लहान गाडीच्या बॅटरीवर बहुधा ३५ ‘एएच’ असं लिहिलेलं असतं, म्हणजे ३५ अँपिअर-तास. याचा ढोबळ अर्थ, १ अँपिअर खाणारी वस्तू ३५ तास चालेल. तीही बॅटरी नवी असली तर. जुनी झाली की पिंप आतून लहान होत जातं.

आमचा कॅमेरा ०.४ अँपिअर खात होता. ऐकायला अगदी चिमूटभर, नाही का? पण दिवसाचे २४ तास. ०.४ गुणिले २४, म्हणजे जवळजवळ साडेनऊ. चार दिवसांचे अडतीस! पिंप पस्तिसाचं. रोज गाडी फिरत होती तोवर रात्रीची गळती दिवसा भरून निघत होती, म्हणून दोन महिने कळलं नाही. चार दिवस नळ बंद राहिला आणि पिंप कोरडं पडलं. थेंबे थेंबे तळे साचे म्हणतात. थेंबे थेंबे ते रितेही होतं.

शिवाय गाडीची बॅटरी अशी तळापर्यंत रिकामी होणं तिला मानवत नाही. सेल्फ मारताना क्षणभर शंभराहून अधिक अँपिअर देण्यासाठी ती बनवलेली असते, रोज थोडं थोडं करून पूर्ण उपसण्यासाठी नव्हे. दोन-तीनदा असं झालं की तिच्यातल्या शिशाच्या पट्ट्यांवर कठीण थर जमतो आणि भरवूनही ती पूर्वीसारखी भरत नाही.

घरात तपासायला एक स्वस्तातला मल्टीमीटर पुरतो. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या बॅटरीवर सकाळी १२.६ व्होल्टच्या आसपास आकडा दिसला तर ती भरलेली. १२.२ म्हणजे निम्मी. १२ च्या खाली गेला तर धोक्याची घंटा. इंजिन चालू केल्यावर बहुतेक गाड्यांत हाच आकडा १३.८ ते १४.४ च्या दरम्यान दिसायला हवा. तसा दिसला की नळ वाहतो आहे असं समजावं. (काही नव्या गाड्यांत तो मुद्दाम कमीजास्त केला जातो, तेव्हा आकडा थोडा हलला तर घाबरू नका.)

‘डायरेक्ट’ आणि ‘चावीवर’

गाडीत वीज मिळण्याच्या जागा दोन प्रकारच्या. एक कायम जिवंत असलेली, घड्याळ, दारांची कुलुपं, धोक्याचे लुकलुकणारे दिवे यांच्यासाठी. हिलाच गॅरेजवाले ‘डायरेक्ट’ म्हणतात. दुसरी चावी फिरवल्यावरच जिवंत होणारी, ती ‘चावीवर’. रेडिओ, कॅमेरा, मोबाइलचं चार्जर अशा जादा वस्तू चावीवरच जोडाव्यात, म्हणजे विसरायचा प्रश्नच नाही.

तेव्हा दुकानात पहिला प्रश्न हा विचारायचा: “डायरेक्ट देताय की चावीवर?” हे चार शब्द बाईच्या तोंडून ऐकले की समोरचा माणूस एकदम सावरून काम करतो, हा माझा स्वतःचा अनुभव!

गाडी उभी असतानाही कॅमेऱ्यानं पहारा करावा अशी तुमची इच्छा असेल, तर त्यासाठी वेगळं किट मिळतं. त्याच्या बहुधा तीन वायरी असतात: पिवळी कायमच्या विजेला, लाल चावीवरच्या विजेला आणि काळी गाडीच्या पत्र्याला. (रंग बदलू शकतात, सोबतचा कागद वाचावा.) बॅटरी ठरावीक आकड्याखाली गेली की हे किट कॅमेरा आपोआप बंद करतं. तो आकडा किटवर निवडता येतो. १२.२ च्या खाली ठेवू नका. चोर पकडायच्या नादात घरची गाडीच अडकून पडायला नको.

फ्यूज म्हणजे कुकरचा सेफ्टी व्हॉल्व्ह

आता सर्वांत महत्त्वाचं. बारा व्होल्टचा धक्का बसत नाही म्हणून लोक गाडीची वीज खेळण्यातली समजतात. धक्का बसत नाही हे खरं, पण बॅटरी एका क्षणात शेकडो अँपिअर ओतू शकते. उघडी वायर पत्र्याला टेकली की ती काही सेकंदांत लाल होते, वरचं प्लास्टिक पेटतं आणि शेजारच्या वायरी, गालिचा, सीटचा फोम असं करत आग पसरते.

हे होऊ नये म्हणून फ्यूज. कुकरमध्ये वाफ फार झाली की सेफ्टी व्हॉल्व्ह उडतो आणि कुकर वाचतो; तसा प्रवाह फार झाला की फ्यूज स्वतः जळून वायर वाचवतो. लक्षात ठेवा, फ्यूज असतो तो मुख्यतः वायरीच्या रक्षणासाठी. म्हणून तो वायरीच्या सुरुवातीलाच हवा. बॅटरीवरून थेट वायर काढली असेल तर बॅटरीपासून वीतभराच्या आत. कॅमेऱ्यापाशी फ्यूज आणि मधली दोन मीटर वायर उघड्यावर, याला काही अर्थ नाही.

फ्यूजचे रंग ठरलेले आहेत: ५ अँपिअरचा फिकट बदामी, ७.५ चा तपकिरी, १० चा लाल, १५ चा निळा, २० चा पिवळा, ३० चा हिरवा. दहाचा लाल फ्यूज वरचेवर जातो म्हणून कुणी तिथे वीसचा पिवळा ठोकला, किंवा चांदीचा कागद गुंडाळून बसवला, तर तो माणूस कुकरचा सेफ्टी व्हॉल्व्ह डिंकानं बुजवतो आहे असं समजा. फ्यूज वारंवार जातो याचा अर्थ आत काहीतरी बिघडलं आहे. तो बिघाड शोधायचा असतो, फ्यूज मोठा करायचा नसतो.

हिशेब आपण करू शकतो

वस्तूवर वॅट लिहिलेले असतात. वॅटना १२ नं भागलं की अँपिअर मिळतात. एवढा भागाकार तर चौथीतली मुलंही करतात.

आमच्या धाकट्या भावोजींनी रस्ता लख्ख दिसावा म्हणून पुढच्या दिव्यांत ६०/५५ वॅटच्या हॅलोजन बल्बऐवजी १००/९० चे बसवले. करा हिशेब. आधी मोठा झोत लावला की दोन दिव्यांचे १२० वॅट, म्हणजे १० अँपिअर. आता २०० वॅट, म्हणजे पावणेसतरा अँपिअर. वायर मात्र तीच, जुनी, दहाच्या हिशेबाची. आणि विज्ञानाच्या बाईंनी सांगितलेली गंमत अशी की वायरीतली उष्णता प्रवाहाच्या पटीत वाढत नाही, वर्गाच्या पटीत वाढते. प्रवाह एक पूर्णांक सहासष्ट पट, तर उष्णता जवळजवळ पावणेतीनपट! सहा महिन्यांत बल्बचं होल्डर वितळून तपकिरी झालं. समोरून येणाऱ्यांचे डोळे दिपत होते ते निराळंच. जादा दिवे लावायचेच तर त्यांना स्वतंत्र जाड वायर, फ्यूज आणि रिले हवा. मूळ बटणाच्या नाजूक वायरीवर सगळा भार टाकायचा नाही.

हीच गोष्ट डिकीतल्या दणदणाट करणाऱ्या अँप्लिफायरची. ४०० वॅट म्हणजे ३३ अँपिअर. तो रेडिओच्या वायरीवर चालणं शक्यच नाही. थेट बॅटरीवरून जाड वायर आणि स्वतःचा फ्यूजच हवा.

काम करून घेताना काय पाहावे?

आपण स्वतः पान्हा हातात घ्यायला हवा असं मी म्हणत नाही. पण स्वयंपाकाला बाई ठेवली तरी मीठ-तेल आपण पाहतोच ना? तसंच हे. मी एक यादी केली आहे, कापून पुस्तिकेत ठेवा.

१. काम सुरू करण्यापूर्वी बॅटरीची काळी, म्हणजे ऋण वायर काढायला सांगावी. ती आधी काढायची आणि सर्वांत शेवटी जोडायची. लाल आधी सोडवताना पान्हा चुकून पत्र्याला लागला तर ठिणग्या उडतात. काही गाड्यांत यानंतर रेडिओ सांकेतिक आकडा मागतो, तो आधी लिहून घ्यावा.

२. बॅटरीजवळ हात घालणाऱ्यानं अंगठी, कडं, धातूच्या बांगड्या काढाव्यात. बॅटरीचं टोक आणि पत्रा यांच्यामध्ये अंगठी अडकली तर ती क्षणात तापते आणि बोट भाजतं. मंगळसूत्रही लोंबू देऊ नका.

३. मूळ वायर सोलायची नाही. फ्यूजच्या पेटीतून वीज घ्यायला ‘फ्यूज टॅप’ नावाचा छोटासा भाग मिळतो. त्यात दोन फ्यूज बसतात, एक जुन्या वस्तूचा आणि एक नव्या वस्तूचा. तो उलट दिशेनं बसवला तर दोन्ही वस्तूंचा भार जुन्याच फ्यूजवर पडतो. म्हणून वीज कोणत्या पायाला येते ते मीटरनं पाहूनच बसवायला सांगा.

४. एअरबॅग, ब्रेकचं एबीएस आणि इंजिनाचा संगणक यांच्या फ्यूजला हात लावू देऊ नये. पिवळ्या वेष्टनातल्या वायरी आणि पिवळे कपलर बहुधा एअरबॅगचे असतात, तेही वर्ज्य.

५. रेडिओ बदलताना तुमच्या गाडीला बसणारा कपलर मागावा. कपलरला कपलर जोडला की एकही वायर कापावी लागत नाही, आणि उद्या जुना रेडिओ परत बसवता येतो.

६. जोड पिळून चिकटपट्टीनं गुंडाळलेला नको. दाबून बसवलेला लग, किंवा डाग देऊन वर गरम केल्यावर आवळणारी स्लीव्ह. काळी वायर रंगावर नको, रंग खरवडून उघड्या पत्र्यावर, बोल्टखाली घट्ट हवी.

७. वायर पत्र्याच्या भोकातून जात असेल तर रबराचं बूच हवंच. पायांतल्या पेडलजवळ, स्टिअरिंगजवळ सैल वायर नको. काचेच्या बाजूच्या खांबात पडद्यासारखी एअरबॅग असेल, तर वायर तिच्या पुढून न नेता मागून न्यावी. नाहीतर ऐन अपघातात ती उघडताना अडथळा येतो.

८. बिल घ्यावं. गाडी वॉरंटीत असेल तर आधी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला विचारावं. वायर कापलेली दिसली की पुढे विजेच्या बिघाडाचा खर्च आपल्याच गळ्यात पडू शकतो. बाहेरून बसवलेल्या महागड्या वस्तूंसाठी विम्यात थोडा जादा हप्ता भरून वेगळी नोंद करता येते, तीही करून घ्यावी.

आणि एक ताकीद. विजेवर चालणाऱ्या आणि हायब्रिड गाड्यांतही बारा व्होल्टची लहान बॅटरी असते, पण तिच्याशेजारी शेकडो व्होल्टची मोठी असते. तिच्या केबल नारिंगी रंगाच्या असतात. तिथे गल्लीतल्या दुकानातल्या मुलाचं काम नव्हे.

वेळ आलीच तर

गाडीत प्लास्टिक जळल्याचा वास आला तर ‘इंजिन तापलं असेल’ म्हणून पुढे दामटू नका. गाडी बाजूला घ्या, चावी बंद करा, आधी मुलांना बाहेर काढा. बॉनेटमधून धूर येत असेल तर ते सताड उघडायचं नाही. हवा मिळाली की आग भडकते. लांब जाऊन ११२ ला फोन करा. सामानाचा विचार नंतर.

बॅटरी उतरली आणि शेजारची गाडी मदतीला असेल तर वायरींचा क्रम असा: लाल आधी मेलेल्या बॅटरीच्या अधिक टोकाला, मग तिचं दुसरं टोक चांगल्या बॅटरीच्या अधिकला. काळी चांगल्या बॅटरीच्या ऋणाला आणि तिचं शेवटचं टोक मेलेल्या गाडीच्या इंजिनाच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीपासून दूर. बॅटरीतून पेट घेणारा वायू निघतो, म्हणून शेवटची ठिणगी तिच्या जवळ नको. चांगली गाडी काही मिनिटं चालू ठेवून मग सेल्फ मारावा. काढताना उलट क्रम.

भगिनींच्या शंका

सांगलीच्या एका भगिनी लिहितात की लहानग्याच्या दुधासाठी गाडीत लावायची किटली घेतली, पण सॉकेटचा फ्यूज दर वेळी जातो. मोठा बसवू का?

मुळीच नको! किटली १५० वॅटची आहे असं तुम्हीच लिहिलं आहे, म्हणजे साडेबारा अँपिअर. सॉकेटवर १२० वॅट लिहिलेलं आहे, म्हणजे दहा. फ्यूज त्याचं काम चोख बजावतो आहे. घरून थर्मासमध्ये उकळतं पाणी न्या आणि बाटली त्यात धरा. आपल्या आया तेच करत आल्या.

नाशिकच्या भगिनींचे यजमान फिरतीवर असतात. गाडी पंधरा-पंधरा दिवस उभी राहते आणि सुरू होत नाही.

जादा काही बसवलेलं नसतानाही उभी गाडी थोडी वीज खातेच. ती ०.०५ अँपिअरपर्यंत असेल तर ठीक. पण पंधरा दिवसांत त्याचेही अठरा अँपिअर-तास होतात, म्हणजे अर्धं पिंप! आठवड्यातून एकदा गाडी अर्धा तास चांगली फिरवून आणा. जागच्या जागी पाच मिनिटं इंजिन चालवून पिंप भरत नाही. आणि सॉकेटमधलं चार्जर काढून ठेवा. काही गाड्यांत सॉकेट चावी काढल्यावरही जिवंत राहतं. चावी काढून, दारं लावून दहा मिनिटांनी पाहा. फोन तरीही चार्ज होत असेल तर तुमचं सॉकेट ‘डायरेक्ट’ आहे.

जाता जाता, आमच्या काकांनी सगळी वायर नव्यानं टाकली. फ्यूज टॅप, बदामी फ्यूज, रबराचं बूच, सगळं माझ्यासमोर. ह्यांनी पैसे देताना हळूच विचारलं, “तुला तो दिवा दिसत होता, तर बोलली का नाहीस?” मी काय उत्तर देणार? म्हटलं, “तुम्ही हसाल असं वाटलं.” तेही गप्प झाले. मग म्हणाले, “यापुढे मी हसलो तरी विचार.”

मैत्रिणींनो, तुम्हीही विचारा. आज रात्री ओटा आवरून झाला की एकदा खिडकीतून आपल्या गाडीकडे पाहा. आत काही लुकलुकत असेल, तर सकाळी चहाच्या वेळीच घरात विषय काढा. आमच्या खिडकीतून आता खाली नुसता अंधार दिसतो, आणि मला शांत झोप लागते.

पुढच्या आठवड्यात इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणी कधी आणि कोणतं घालायचं, ते पाहू. तोवर तुमच्या शंका जरूर कळवा.